काचपट्टीवरील शंभर क्षेत्रे

भीमेच्या अलीकडे दौंड, पलीकडे शिरूर. दोन्ही तालुके उसाचे. तेथील एखादा ऊसतोड मजूर दोन-तीन आठवडे खोकत सरकारी दवाखान्यात गेला म्हणजे त्यास थुंकीसाठी डबी मिळते. पुढे प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ ती थुंकी काचपट्टीवर पसरून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो. क्षयाचे जंतू नाहीत असे लिहिण्यापूर्वी निदान 100 क्षेत्रे पाहावी, असा नियम आहे. त्याने 100 पाहिली की 20, हे मजुरास कसे कळावे? काही काचपट्ट्यांची फेरतपासणी होते खरी. परंतु तोवर मजूर दुसऱ्या फडावर गेलेला असतो.

अशा न दिसणाऱ्या प्रामाणिकपणाचे मोल काय? एकाच कामावर एक तंत्रज्ञ कायम असतो आणि दुसरा राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा कंत्राटी. जंतू दोघांस सारखेच दिसतात; वेतन मात्र सारखे नसते. वेतन कामास द्यावयाचे की नेमणूकपत्रास? पंजाबातील तात्पुरत्या नोकरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 26 ऑक्टोबर 2016 रोजी समान कामास समान वेतन हे तत्त्व त्यांसही लागू केले. त्याने करार राजीखुशीने केला ना, असे कोणी म्हणेल. पण घरची चूल पेटावी म्हणून दिलेल्या संमतीस आम्ही राजीखुशी म्हणत नाही.

दुसरे सज्जन म्हणतात, रोग्यांची सेवा ही, तेथे पैशाचा हिशेब कशास? हे वचन बहुधा ज्याचा पगार वेळेवर येतो त्याच्याच तोंडून निघते. सेवा आपण होऊन द्यावयाची असते. दुसऱ्याने ती पगारातून कापून घेतली तर तीस सेवा कसे म्हणावे?

तथापि कमी पगार हे 20 क्षेत्रांवर थांबण्याचे कारण होऊ शकत नाही. मजुराने काय अपराध केला? त्याची मुले त्याच कोपीत निजतात. तंत्रज्ञाचे ऋण रोग्याकडे आहे, सरकारचे तंत्रज्ञाकडे. एक फिटले नाही म्हणून दुसरे बुडत नाही.

बढतीचीही तीच गत. परिचारिकेपुढे परिसेविका, अधिसेविका अशा पायऱ्या तरी आहेत. तंत्रज्ञापुढे त्या मोजक्याच. 2021 च्या केंद्रीय कायद्याने ह्या व्यवसायास मान्यता देऊन नोंदणीची तरतूद केली. पगाराचा आकडा मात्र त्या कायद्याने ठरत नाही.