स्वतःला दिलेला शब्द

वचन म्हटलें कीं तें कोणाला तरी दिलेलें असतें, हें आपण गृहीतच धरतों. सावकाराशीं केलेला करार, मित्राला दिलेला शब्द, देवाला बोललेला नवस, या प्रत्येकांत देणारा एक व घेणारा दुसरा असतो. आणि जो घेणारा असतो त्याला तें वचन मागण्याचा जसा अधिकार असतो, तसाच तें माफ करण्याचाही असतो. परंतु मनुष्य कित्येक वेळां आपलें आपणच कांहीं ठरवितो. रोज पहाटे उठेन, अमुक ग्रंथ मुळांतून वाचून काढीन, अमुक वाट स्वतःच्या पायांनीं तोडीन. अशा संकल्पाचा घेणारा कोण? तो मोडला तर अन्याय कोणावर झाला? हा प्रश्न कोरड्या पांडित्याचा वाटण्याचा संभव आहे. म्हणून त्याची परीक्षा आम्ही ग्रंथांत न करतां रस्त्यावर करून पाहणार आहों.

अमेरिका या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत सायकलीवरून ओलांडण्याची हौस जुनी आहे. १८८४ सालीं टॉमस स्टीव्हन्स हा गृहस्थ पुढलें चाक उंच व मागलें अगदीं लहान अशा त्या काळच्या सायकलीवरून सॅन फ्रान्सिस्कोकडून निघाला व ऑगस्ट महिन्यांत बोस्टनला पोहोंचला. धड रस्ते नव्हतेच. त्यामुळें सुमारें एकतृतीयांश वाट त्याला पायींच चालावी लागली. पुढें १९७६ सालीं, त्या देशाच्या स्वातंत्र्यास दोनशें वर्षें झालीं त्या निमित्तानें, ऑरेगॉनपासून व्हर्जिनियापर्यंत सुमारें सव्वाचार हजार मैलांचा एक मार्ग सायकलस्वारांसाठीं आंखण्यांत आला, आणि चार हजारांहून अधिक माणसें त्या उन्हाळ्यांत त्यावर उतरलीं. तो मार्ग आजही वाहता आहे.

आमचे एक जुने विद्यार्थी, व्यवसायानें इंजिनिअर व आतां तिकडेच स्थायिक झालेले, कांहीं वर्षांपूर्वीं या मार्गानें एकटेच गेले. प्रत्येक मैल सायकलीवरून, नाहीं तर सायकल हातीं धरून पायीं तोडावयाचा, एवढेंच त्यांनीं स्वतःशीं ठरविलें होतें. पैज नव्हती, बक्षीस नव्हतें, कोणाला सांगितलेलेंही नव्हतें. त्यांच्या प्रवासांतील एकच दिवस आम्ही येथें घेतों.

तो दिवस कॅन्सस प्रांतांतला. पहाटे ट्रिब्यून या लहानशा गांवाहून निघून संध्याकाळीं नेस सिटी गांठावयाचें, म्हणजे शंभर मैलांची मजल. या टापूंत गांवें वीस वीस, पंचवीस पंचवीस मैलांवर असतात. मैलोगणती गव्हाचीं शेतें, आणि पुढच्या गांवाची पहिली खूण म्हणजे क्षितिजावर उभें असलेलें धान्याचें उंच पांढरें कोठार. तें दिसूं लागल्यापासून गांठेपर्यंत तासाहून अधिक वेळ जातो. सकाळच्या पहिल्याच टप्प्यांत घड्याळ एक तास पुढें करावें लागतें. कारण कालविभागाची सीमा तेथूनच जाते. पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणाऱ्याच्या पाठीशीं वारा असतो अशी समजूत आहे. परंतु उन्हाळ्यांत या पठारावर वारा बहुधा दक्षिणेचा, म्हणजे पूर्वेकडे जाणाऱ्याला आडवा. दिवसभर सायकल एका अंगाला कलती धरूनच चालवावी लागली, आणि शेजारून मालाची मोठी मोटर गेली कीं वाऱ्याचा आधार क्षणभर तुटून तोल जाई.

दुपार उलटल्यावर डाइटन गांव मागें पडलें, बीलर ही वस्तीही मागें पडली, आणि नेस सिटी पंधरा मैलांवर राहिली असतां पश्चिमेकडून वादळ आलें. त्या सपाट रानांत झाड नाहीं, घर नाहीं. सायकलीवर बसलेला मनुष्य हीच आसपासची सर्वांत उंच वस्तु. विजा जवळ कोसळूं लागल्या. इतक्यांत एका शेतकऱ्यानें आपली मोटर थांबविली, सायकल पाठीमागें टाकली आणि यांना आंत बसावयास सांगितलें. हे बसले. अर्ध्या तासांत ते सुखरूप गांवांत पोहोंचले.

दुसऱ्या दिवशीं आकाश निवळलेलें होतें. यांनीं सामान गांवांतच ठेविलें, सायकल पश्चिमेकडे वळविली, पंधरा मैल मागें जाऊन आदल्या संध्याकाळीं जेथें मोटरींत बसले होते तें ठिकाण गांठलें, आणि तेथून पुन्हां पूर्वेकडे निघाले. तीस मैल झाले, अर्धा दिवस गेला, आणि पाहणारें कोणीही नव्हतें.

मागल्या वर्षीं ते आमच्या घरीं आले असतां ही हकीकत निघाली व त्यावरून वाद माजला. आमच्या वकील बंधूंनीं हंसत निकाल दिला : "देणारे तुम्हीच, घेणारेही तुम्हीच. स्वतःला फारकत लिहून द्यावयाची आणि मोकळें व्हावयाचें!" आमच्या सौभाग्यवतींचा आक्षेप निराळा होता. त्या म्हणाल्या, "अरे, ज्या भल्या माणसानें तुला वाचविलें, त्याचे उपकार तूं दुसऱ्या दिवशीं जाऊन पुसून आलास कीं रे!" विद्यार्थी दोन्हीवर कांहीं बोलले नाहींत. आम्हांस मात्र दोन्ही आक्षेप उत्तर देण्याच्या योग्यतेचे वाटले.

वकिलांचा मुद्दा तत्त्वज्ञांना अपरिचित नाहीं. स्वतःविषयींच्या कर्तव्याची सर्वांत जोरदार तरफदारी कांटनें १७९७ सालच्या आपल्या नीतिविषयक ग्रंथांत केली. पण बांधणारा व बांधला जाणारा एकच असेल तर बांधणारा हवें तेव्हां गांठ सोडूं शकेल, ही अडचणही त्यानें तेथेंच मांडून ठेविली. १९५९ सालीं मार्कस सिंगर या अमेरिकन तत्त्वज्ञानें तीच अडचण निर्णायक ठरवून, स्वतःविषयीं कर्तव्य अशी वस्तूच नाहीं असें प्रतिपादन केलें. तर्क बिनतोड दिसतो. पण त्यांत एक गोष्ट धरून चाललेली आहे, ती ही कीं मनुष्य सर्व वेळीं एकच असतो. अनुभव तसा नाहीं. संकल्प करणारा मनुष्य सकाळचा, विसावलेला, दूरवर पाहणारा. माफी मागणारा मनुष्य दुपारचा, थकलेला, ज्याला पुढल्या मैलापलीकडे कांहीं दिसत नाहीं. स्वतःची सुटका करून घेण्याचा अधिकार माणसाला आहे हें आम्हीही मानतों. परंतु ज्याचे पाय दुखत आहेत त्यानेंच, दुखत असतांनाच, ती फारकत लिहावी, हें ऋणकोनें आपल्या हातानें पावती फाडून घेण्यासारखें आहे. निवांत वेळीं, पूर्ण विचार करून एखाद्यानें संकल्प सोडला तर त्याला आम्ही मुळींच दोष देणार नाहीं. आमच्या विद्यार्थ्यांनीं वादळांत माफी घेतली नाहीं, मुदत घेतली. सकाळीं, शांत चित्तानें, माफी घेण्याची पूर्ण मोकळीक असतांना त्यांनीं ऋण फेडणें पसंत केलें.

येथें दुसराही एक हिशेब आहे. प्रवास संपल्यावर मनुष्य एक वाक्य जन्मभर बोलणार असतो : मी हा देश सायकलीवरून ओलांडला. संकल्पाचा खरा घेणारा शोधावयाचा तर तो या वाक्याच्या श्रोत्यांत सांपडेल. १९२३ सालच्या ऑक्टोबरांत मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलीवरून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. १९२८ सालच्या मार्चमध्यें त्यांपैकीं तिघे ती पुरी करून परत आले. समुद्र त्यांनीं जहाजानेंच ओलांडला, आणि त्यामुळें त्यांचें वाक्य कोणीही खोटें म्हणत नाहीं; कारण हा अपवाद ऐकणाऱ्याला न सांगतां कळतो. स्टीव्हन्स तिसरा हिस्सा चालला, पण चाललों असें सांगून चालला. याउलट ॲनी लंडनडेरी ही बाई १८९४-९५ सालीं बोस्टनहून निघून जगाची फेरी करून आली. त्या काळीं एका स्त्रीनें हें करणें धाडसाचें होतेंच. परंतु वाटेचा फार मोठा भाग आगबोटींनीं झालेला, आणि व्याख्यानांतून तिनें आपल्या हकीकतीला बरेंच तिखटमीठ लाविलेलें. त्यामुळें तिच्या खऱ्या धाडसाचेंही मोल कमी झालें. मोटरींत बसणें हें पाप नव्हे. बसून न बसल्यासारखें बोलणें, हा दोष.

आतां गृहिणीचा आक्षेप. संकल्पांत अहंकार शिरतो हें आम्हांस मान्य आहे. मदतीचा पुढें आलेला हात झिडकारून विजेखालीं उभा राहणारा व्रतस्थ आम्हांस वंद्य वाटत नाहीं. पण उपकार मैलांत मोजले जात नाहींत. शेतकऱ्यानें दिला तो जीव. पंधरा मैल हा केवळ त्याचा योगायोग. ते मैल दुसऱ्या दिवशीं फेडल्यानें जीवाचें ऋण तिळमात्र कमी होत नाहीं. आणि येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. मागें नेऊन सोडण्याची विनंती त्याच शेतकऱ्याला करतां आली असती. ती यांनीं केली नाहीं. आपल्या व्रताचा खर्च दुसऱ्याच्या खिशांतून करूं नये, ही मर्यादा ज्याला कळली त्याचा अहंकार फारसा भयंकर नसावा.

गोवर्धनाची दंडवती परिक्रमा करणारे भाविक दमले म्हणजे थांबतात, जेथें थांबले तेथें खूण करितात, आणि पुन्हां त्या खुणेपासूनच दंडवत सुरू करितात. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या १८९१ सालापासूनच्या सायकलयात्रेंत, आणि तिच्याच धर्तीवर आज पुण्यामुंबईकडे होणाऱ्या दोनशें ते बाराशें किलोमीटरांच्या फेऱ्यांत, ठिकठिकाणीं नोंदवहीवर शिक्का घ्यावा लागतो. तेथें साक्षीदार नेमलेला आहे. परिक्रमेच्या वाटेवरच्या त्या खुणेची नोंद मात्र कोणत्याच वहींत होत नाहीं. रात्रींतून ती चार हात पुढें सरकविली तर जगांत कोणाचेंही नुकसान होणार नाहीं. जी सरकवितां येते आणि तरीही सरकविली जात नाहीं, अशी एखादी खूण प्रत्येकाच्या आयुष्यांत कोठें तरी असते. चारित्र्य या शब्दाचा अर्थ आम्हांस विचारला, तर आम्ही त्या खुणेकडे बोट दाखवूं.