अस्तराचा रंग

सगळ्यांनीच लाल डगला घातला की लाल हा रंग उरत नाही. जुन्या इंग्रजी पायदळात म्हणून पलटण ओळखायची ती डगल्याच्या अस्तरावरून. बाहीचं टोक आणि गळपट्टी उलटी दुमडली की आतलं कापड बाहेर दिसे: पिवळं, हिरवं, बदामी, काळं. या पट्ट्यांना फेसिंग म्हणत. ओळख आतून बाहेर यावी लागते, हे शिंप्यांना आधी कळलं असावं.

1744 च्या सुमारास एकाच फौजेत दोन पलटणींचे कर्नल हॉवर्ड आडनावाचे निघाले. पलटण तेव्हा कर्नलच्या नावानं चाले. घोटाळा नको म्हणून एक झाली बदामी हॉवर्डची, दुसरी हिरव्या हॉवर्डची. पुढे 1751 च्या राजाज्ञेनं पलटणींना क्रमांक दिले आणि फेसिंगचे रंगही पक्के केले. हॉवर्ड गेले, यथावकाश क्रमांकही गेले. ‘ग्रीन हॉवर्ड्स’ हे नाव मात्र 1920 साली अधिकृत झालं. कर्नलपेक्षा त्याच्या माणसांच्या बाहीची पट्टी जास्त जगली.

मधल्या काळात, 1881 मध्ये, सरकारला सुटसुटीतपणाची हुक्की आली. इंग्लंड-वेल्सला पांढरा, स्कॉटलंडला पिवळा, आयर्लंडला हिरवा, राजघराण्याचा मान असलेल्यांना निळा. चार रंगांत सगळी फौज बसवली. हिरवे हॉवर्ड पांढरे झाले. आपला हिरवा परत मिळवायला त्यांना 1899 उजाडलं. हा रंग त्यांनी कधी निवडलेला नव्हता, वरून आलेला होता. काढून घेतल्यावर तो त्यांचा झाला.

ड्रमवाल्याचं सगळंच उलट. पलटणीचं फेसिंग पिवळं, तर त्याचा डगलाच पिवळा आणि पट्ट्या लाल. दिसायला नुसती हौस. पण जुन्या बंदुकीच्या दारूचा धूर इतका, की दहा पावलांवरचा माणूस दिसेना. आणि हुकूम तर ड्रमवरूनच जायचा. हुकूम देणाऱ्याला आधी ड्रमवाला सापडायला हवा. धुरामुळे रंग लागला, हे आपण विसरतो. धूर गेल्यावर रंग का गेला, तेही मग कळत नाही.

धूर घालवला फ्रेंचांनी. 1884 मध्ये पॉल व्हिएय यानं जवळजवळ बिनधुराची दारू काढली आणि रणांगण लख्ख दिसू लागलं. आता सगळ्यात आधी कुणी लपायला हवं होतं? फ्रेंच सैनिक 1914 च्या ऑगस्टमध्ये लाल पाटलोण घालून लढाईला गेला. ही पाटलोण 1829 ची. तिच्यामागे सैनिकाची काळजी कमी आणि दक्षिणेत मंजिष्ठेच्या जातीचं रंगाचं मूळ पिकवणाऱ्या शेतकऱ्यांची जास्त. पुढे 1868 मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी तोच लाल प्रयोगशाळेत बनवला, मूळ पिकवणारे बुडाले, पाटलोण टिकली. म्हणजे फ्रान्सची शान ज्या लालीत होती, ती लाली जर्मन कारखान्यांतून येत होती. जुलै 1914 मध्ये नवं कापड मंजूर झालं होतं: निळा, पांढरा, लाल असे झेंड्याचे तिन्ही धागे एकत्र विणलेलं. महिन्याभरात युद्ध लागलं. लाल रंग शत्रूकडे राहिला. तो धागा गाळून जे विणलं गेलं, त्या फिक्या निळ्याला ‘क्षितिजाचा निळा’ असं सुंदर नाव मिळालं. टंचाईला काव्यमय नाव देण्यात फ्रेंचांचा हात कुणी धरणार नाही.

आपल्याकडे ही अक्कल धुळीनं आधीच शिकवली होती. 1846 मध्ये पेशावरला हॅरी लम्सडेननं उभारलेल्या गाइड्स दलानं मातकट कपडे चढवले. फारसीत खाक म्हणजे धूळ, माती. मराठीत खाक म्हणजे राख. सैनिकाच्या अंगावर हा शब्द दोन्ही अर्थांनी बसतो.

खाकीत सगळे सारखे झाले, आणि ओळख आकसत गेली: डगल्यावरून पट्टीवर, पट्टीवरून टोपीवर, खांद्यावरच्या दोरीवर. ती जितकी लहान, तितकी जपून इस्त्री केलेली.

1 ऑगस्ट 2023 पासून भारतीय लष्करात ब्रिगेडियर आणि त्यावरच्या अधिकाऱ्यांचा गणवेश एकच आहे. पॅराची मरून टोपी, रणगाडेवाल्यांची काळी, पायदळाची हिरवी हे भेद कर्नलपर्यंत. वर गेलेल्या माणसानं सगळ्यांचं असावं, हा त्यामागचा विचार; तो पटण्यासारखाच आहे. खांद्यावरची ती रंगीत दोरी, लॅनयार्ड, तीही वर चालत नाही. वर्षानुवर्षं रोज सकाळी अडकवलेली दोरी बढतीच्या दिवशी खुंटीला राहते.