देश, काळ आणि शिंपला

18 फेब्रुवारी 2023, महाशिवरात्र. उज्जैनला क्षिप्रेच्या काठी, राम घाटावर आणि आसपासच्या घाटांवर, 18 लाख 82 हजारांहून जास्त पणत्या एकाच वेळी पेटल्या आणि गिनीज बुकात नोंद झाली. आदल्या वर्षीच्या महाशिवरात्रीला हाच आकडा 11 लाख 71 हजारांवर होता. अशा विक्रमात पणत्या ठरावीक मिनिटे पेटत्या राहिल्या की काम झाले. मिनिटे भरली, मोजणी झाली, फोटो निघाले. त्याच वर्षी दिवाळीत अयोध्येने 22 लाखांचा टप्पा ओलांडला आणि उज्जैनचा विक्रम मोडीत निघाला.

दीपदान हे दान आहे असे सगळेच मानतात. मग दानाबद्दल जे प्रश्न विचारले जातात ते दिव्यालाही विचारायला हवेत. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाची तीन प्रतींत विभागणी केली आहे. परतफेडीची अपेक्षा न ठेवता, योग्य जागी, योग्य वेळी, योग्य पात्राला दिलेले ते सात्त्विक; बदल्यात काही मिळावे म्हणून दिलेले ते राजस; जागा, वेळ आणि पात्र यांचे भान न ठेवता दिलेले ते तामस. विक्रमासाठी लावलेली पणती यातल्या कुठल्या खान्यात बसते हे ज्याचे त्याने ठरवावे. गंमत अशी की देश, काळ आणि पात्र हे तिन्ही निकष अगदी काटेकोरपणे पाळायला लावणारा एक दिवा आहे. तो कुठल्याही घाटावर नाही, खाऱ्या पाण्याच्या काचपेटीवर टांगलेला असतो आणि त्याच्याखाली एक शिंपला बसलेला असतो.

ट्रायडॅक्ना वंशाचे हे महाकाय शिंपले हिंदी आणि प्रशांत महासागरातल्या प्रवाळ खडकांवर राहतात. त्यातला सर्वांत मोठा, गिगास, मीटरभराच्याही पुढे वाढतो आणि त्याचे वजन दोनशे किलोंच्या वर जाते. शिंपल्याची दोन कवचे उघडली की निळे, हिरवे, सोनेरी ठिपके असलेला मांसल पडदा बाहेर पसरतो. हा पडदा म्हणजे त्याचे शेतच. त्याच्या आत पोटापासून निघालेल्या बारीक नळ्यांचे जाळे असते आणि त्या नळ्यांत सूक्ष्म शैवाल राहते. शैवाल उजेडावर साखर तयार करते आणि तिचा मोठा वाटा शिंपल्याला मिळतो. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ सी. एम. याँग यांनी 1928-29 च्या ग्रेट बॅरिअर रीफ मोहिमेत या भागीदारीचा बारकाईने अभ्यास केला. पडद्यावरची ती चमकही नुसती शोभेची नाही, हे 2014 मध्ये अ‍ॅलिसन स्वीनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. चमकणाऱ्या पेशी डोक्यावरचे प्रखर ऊन आडवे फाकवून आत खोलवर उभ्या रांगांत बसलेल्या शैवालापर्यंत पोचवतात. वरचे शैवाल करपत नाही आणि खालचे उपाशी राहत नाही.

म्हणजे या जीवाला उजेड हेच अन्न. त्यामुळे ट्रायडॅक्ना पाळणाऱ्यांच्या गप्पांमध्ये वॉटपेक्षा ‘पार’ हा शब्द जास्त ऐकू येतो. प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारा किती प्रकाश दर सेकंदाला दर चौरस मीटरवर पडतो त्याचे हे माप, मायक्रोमोलमध्ये मोजलेले. भर दुपारी समुद्राच्या पृष्ठभागावर ते दोन हजारांच्या आसपास असते. पाण्यात उतरताना पहिल्या काही मीटरांतच तांबडा रंग शोषला जातो, निळा खोलवर जातो. म्हणून पूर्वीच्या मेटल हॅलाइड दिव्यांच्या जागी आलेल्या आजच्या एलईडींमध्ये निळ्याचा भर जास्त असतो. क्रोसिया आणि मॅक्सिमा या उथळ खडकावरच्या जातींना टाकीत साधारण दोनशे ते चारशे मायक्रोमोल द्यावे लागतात आणि बसायला खडक लागतो. डेरासा आणि स्क्वामोसा त्याहून कमी उजेडात, तळाच्या वाळूवरही निभावून नेतात. जातीगणिक गरज बदलते, टाकीत बोटभर वर-खाली ठेवले तरी आकडा बदलतो. नव्या शिंपल्याला पहिल्याच दिवशी पूर्ण झोत दिला तर तो पांढरा पडू शकतो. म्हणून जाणकार आधी उजेड मंद ठेवतात आणि काही आठवड्यांत हळूहळू चढवतात. पुढे टायमर लावून रोज दहा-बारा तास उजेड आणि उरलेला वेळ अंधार. ही अंधाराची पाळीही तितकीच गरजेची.

आणि उजेड कमी पडला तर? दुसऱ्या दिवशी काहीच होत नाही. पडद्याचा रंग हळूहळू उतरतो, तो आकसू लागतो, कवचे नको तितकी आ वासून राहतात. उपासमार कित्येकदा महिनोन्‌महिने चालते, आणि मालकाला वाटत राहते की शिंपला ‘सेट’ होतोय.

इथे घाटावरचा एक जुना आणि वजनदार युक्तिवाद आठवायला हवा. दिवा हा भावाचा विषय आहे, त्याचा हिशेब कसला मांडता? देवाला, पितरांना, नदीला दिलेल्या दिव्याची किंमत उजेडात मोजायची नसते. हे खरेच आहे, आणि ज्याने एकदा तरी आईच्या नावाने द्रोण सोडला आहे त्याला ते पटवून द्यावे लागत नाही. पण त्याला एक अट आहे. घेणारा देव किंवा पितर असेल तोवर भाव पुरतो. घेणारा एखादा जीव असला की भाव पुरत नाही. शिंपल्याला भाव कळत नाही, त्याला मायक्रोमोल कळतात.

कळतात, हा शब्द इथे अलंकार म्हणून वापरलेला नाही. जैन परंपरेने शंख-शिंपल्यांची गणना द्वीन्द्रिय जीवांत केली: स्पर्श आणि रस ही दोनच इंद्रिये. एरवी डोळ्यांआड राहणाऱ्या या जीवांना जीव मानून त्यांची हिंसा टाळायला सांगणारी ती परंपरा इतर अनेकांच्या पुढे होती. ट्रायडॅक्नाने मात्र त्या वर्गीकरणालाही थोडे अडचणीत टाकले आहे. त्याच्या पडद्याच्या कडेने शेकडो बारीक डोळे असतात, सुईच्या छिद्रासारखे. दिवा आणि टाकी यांच्यामधून हात फिरवला की सावली पडते आणि पसरलेला पडदा झटकन आत ओढला जातो. त्याला चित्र दिसत नसेल, पण उजेड गेला हे नक्की समजते.

मग या दिव्याला दान तरी म्हणावे का? ज्याने शिंपल्याला सूर्याखालून उचलून दिवाणखान्यात आणले त्याने त्याचा सूर्य आधी काढून घेतला आहे. आता तो जो उजेड देतो ती परतफेड आहे. आपल्याकडे गृहस्थाच्या रोजच्या पाच यज्ञांत भूतयज्ञ सांगितला आहे, म्हणजे प्राणिमात्रांना त्यांचा वाटा देणे. तो रोज करायचा असतो. त्यात पुण्याची मिरवणूक नाही, फक्त हप्ता चुकवायचा नाही. टाकीवरच्या दिव्याचे तंतोतंत तसेच आहे: एक महाशिवरात्र उजळून भागत नाही, वीज गेली तर बॅटरी लागते, गावाला गेलो तर शेजाऱ्याला किल्ली द्यावी लागते. एकदा पाळला की ही जबाबदारी काही वर्षांची, मोठ्या जातींच्या बाबतीत काही दशकांची.

राम घाटावर उभे राहिले की हा हिशेब टाकीपुरता उरत नाही, कारण समोर वाहणारे पाणीही आता मोटारीवर आहे. माळव्यात भूजल उपसले गेले, क्षिप्रेचा स्वतःचा प्रवाह आटत गेला. नर्मदा-क्षिप्रा सिंहस्थ जोडप्रकल्पाचे भूमिपूजन 2012 मध्ये झाले आणि 2014 पासून ओंकारेश्वरकडचे नर्मदेचे पाणी सुमारे साडेतीनशे मीटर उंच चढवून, जवळपास 50 किलोमीटरच्या जलवाहिनीतून उज्जैनी नावाच्या गावी, क्षिप्रेच्या उगमाजवळ सोडले जाऊ लागले. 2016 च्या सिंहस्थात लाखो लोकांनी राम घाटावर डुबकी मारली ती मुख्यतः नर्मदेच्याच पाण्यात. वरून इंदूरचे सांडपाणी घेऊन येणारी कान्ह नदी त्रिवेणी घाटाजवळ क्षिप्रेला मिळते. ती बाजूने वळवण्यासाठी पुन्हा पाइप. पंप बंद पडला तर काय, या चिंतेत टाकीचा मालक आणि नदीचा अभियंता दोघेही सारखेच.

नदीलाही शिंपले असतात. मध्य भारतातल्या नद्या-तळ्यांत आढळणारा लॅमेलिडेन्स हा त्यातला एक, हाताच्या पंज्यात मावेल एवढा, काळपट, कुणाच्या काचपेटीत न शोभणारा. त्याच्या अंगात शैवालाचे शेत नाही. तो चिखलात अर्धा रुतून पाणी गाळतो आणि त्यातले सूक्ष्म कण खातो. त्याची पिल्ले काही काळ माशांच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटून वाढतात, म्हणजे मासे गेले की हे शिंपलेही जातात. या जीवाला दिवा देऊन काही उपयोग नाही. त्याला हवे आहे ते स्वच्छ पाणी, मासे आणि रात्रीचा अंधार. घाटावरचे रात्रभर जळणारे फ्लडलाइट आणि पाण्यावर तरंगणारा तेलाचा तवंग ही त्याच्यासाठी नको असलेली भेट. समुद्रातल्या भावाला उजेड हे अन्न, याला तो निरुपयोगी. गीतेतल्या ‘पात्र’ या निकषाचा याहून स्वच्छ दाखला दुसरा सापडणार नाही.

उज्जैनच्या 2022 च्या दीपोत्सवात प्रशासनाने शून्य कचऱ्याचे उद्दिष्ट जाहीर केले होते, हेही सांगायला हवे. काठावर लावलेली पणती पाण्यात सोडलेल्या द्रोणापेक्षा नक्कीच बरी. पण याबाबतीत उज्जैनला नवे काही शोधण्याची गरज नव्हती. राम घाटापासून चालत जाण्याच्या अंतरावर हरसिद्धीचे देऊळ आहे आणि त्याच्या अंगणात मराठेशाहीतल्या दोन उंच दगडी दीपमाळा उभ्या आहेत, जेजुरी पाहिलेल्या माणसाला लगेच ओळखू येतील अशा. नवरात्रात माणसे त्यांवर चढून एकेक दिवा पेटवतात. दोन्ही मिळून हजारावर. भाविक आपापल्या नावानेही त्या उजळवून घेतात. तेल दगडावर राहते, उजेड अंगणात पडतो.

2028 च्या सिंहस्थाला महाराष्ट्रातून जाणाऱ्यांनी दिवा जरूर लावावा, पण तो या दीपमाळेवर. आणि घरी समुद्र उभा करण्याची हौस असलेल्यांनी एवढे ध्यानात ठेवावे: मॅक्सिमा आणि स्क्वामोसा या जाती 2001 मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातल्या गेल्या. लक्षद्वीपच्या किंवा अंदमानच्या खडकावरून काढलेला असा शिंपला कुणी विकायला आणला, तर वर टांगलेला दिवा कितीही महागडा असो, तो शिंपला घेणे हा गुन्हा आहे.