निकाल कुणाच्या हाती?

आज वार कोणता? आपण कितव्या मजल्यावर आहोत? शंभरातून सात वजा करा. आता त्यातून पुन्हा सात. स्मृतिभ्रंशाची शंका आली की दवाखान्यात असे प्रश्न विचारले जातात. मार्शल फोल्स्टाइन, सुझन फोल्स्टाइन आणि पॉल मॅकह्यू यांची 1975 सालची तीस गुणांची चाचणी यासाठी जगभर वापरतात. तिचा उपयोग आहेच. पण समोर बसलेल्या आजींच्या लेखी ती परीक्षा असते, आणि तीही पोटच्या मुलासमोर. ज्याच्याकडून पाढे घोकून घेतले, तोच शेजारी बसून उत्तर पुटपुटतो. मायेनेच पुटपुटतो, पण आजींचा चेहरा उतरतो. आणि खजील झालेल्या माणसाला येत असलेलंही आठवत नाही.

शिवाय प्रत्येक चूक म्हणजे विस्मरण नव्हे. जन्मभर तिथीवर चाललेल्या बाईला उद्या संकष्टी आहे हे पक्कं ठाऊक असतं, तारीख मात्र सांगता येत नाही. कमी ऐकू येणाऱ्याच्या कानावर प्रश्नच अर्धा पडतो. शाळेचं तोंड न पाहिलेल्याला कागदावरचं वाक्य वाचून तसं करा म्हणणं तर अन्यायच. हरियाणातल्या बल्लभगढ भागात मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांनी 1990च्या दशकात निरक्षरांनाही देता येईल अशी हिंदी चाचणी घडवली. तिच्यात वाचायला न लावता समोरच्याची नक्कल करायला सांगतात. माणसाकडे बघून प्रश्न बदलता येतात, हे त्या कामाने दाखवलं.

तपासणी टाळू नये, असंच माझं मत आहे. बी-12ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य यांमुळेही विसराळूपणा येतो, आणि त्यांवर उपचार आहेत. पण "मला वेडी ठरवायला आणलंय" या धास्तीने अनेकजणी दारातूनच परत फिरतात. ही धास्ती आपणच वाढवतो. "चल, बीपी दाखवून येऊ" म्हणून आईला नेतो, तिच्यादेखत तिच्या चुका मोजून सांगतो, डॉक्टरही मुलाकडे बघूनच बोलतात. मग तिला बाहेर बसवून निकाल आत सांगितला जातो.

घरच्यांचं म्हणणं डॉक्टरांना हवंच असतं. ते वेगळ्या खोलीत घेता येतं. आणि चाचणी सुरू होण्याआधी आजींनाच विचारता येतं: हे कशासाठी करतोय ते सांगू का? जे निघेल ते तुम्हाला ऐकायचंय का, आणि सोबत कोण हवंय? काही जणी नको म्हणतील. तसं म्हणण्याचा हक्कही त्यांचाच आहे. ज्या हो म्हणतील, त्यांना घराची, पैशांची, उपचारांची व्यवस्था स्वतः सांगून ठेवायला अजून वेळ असतो.