वाट कोणी कोणाला द्यावी?



वारीत कोणाला आपला धक्का लागला तर आपण काय करतो, माउली? त्याच्या पायाला हात लावतो आणि पुढे होतो. आषाढी सरली, की तोच वारकरी पुण्यात एसटीतून उतरतो आणि धक्का देणाऱ्याकडे डोळे वटारून पाहतो. गळा तोच, माळ तीच. दिवे घाटातली नम्रता गेली कोठे?

'माणूस खोटा' म्हणून मोकळे होणे सोपे आहे. मला ते पटत नाही. तुळशीबागेच्या गल्लीत जाऊन पाहा. खांद्याला खांदा घासतो, पण मोटारीचे भय नाही. कोणी बांगड्या पाहायला थांबली, तर मागची बाजूने सरकते. जंगली महाराज रस्त्याचा पदपथ रुंद केला आहे. महाराजांच्या समाधीला निघालेला म्हातारा तेथे काठी टेकत, नातवाशी बोलत चालू शकतो. पेठेतल्या एखाद्या रस्त्यावर मात्र पदपथावर दुचाक्या उभ्या असतात आणि दुकानाची फळी पुढे आलेली असते. तोच म्हातारा मग खाली गाड्यांत उतरतो, आणि मागचा त्याला ढकलतो. ढकलणारा काही दुष्ट नसतो. त्याच्याही पाठीशी भोंगा वाजत असतो. २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन म्हणून लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांना बंद ठेवतात. त्या दिवशी माणसे रस्त्याच्या मधून सावकाश चालतात. माणसे काही एका दिवसात संत होत नाहीत.

दिंडीतही असेच आहे. रथापुढच्या आणि रथामागच्या दिंड्यांना क्रमांक आहेत, वीणेकऱ्याची जागा ठरलेली आहे, पाऊल टाळावर पडते. पुढे घुसायचे कारणच उरत नाही. मग आपल्या नम्रतेत आपले किती आणि वाटेचे किती? माझ्या मते वाटेचे पुष्कळ. आपले तेवढेच, जेवढे अडचणीच्या जागी टिकते.

म्हणून एक गोष्ट स्पष्ट लिहितो, राग मानू नका. पालख्या पुण्यात दोन रात्री असतात. नाना पेठेत, भवानी पेठेत दिंड्यांचे ट्रक आणि पाण्याचे टँकर पदपथाला चिकटून उभे राहतात, पाले पडतात. शहर ते आनंदाने सोसते, दारात पाणी घेऊन उभे राहते. पण त्याच गल्लीतली एखादी आजी संध्याकाळी औषध आणायला निघते, तेव्हा तिला कोठून जायचे? चोपदाराने दंड उंचावला, की हजारो टाळ क्षणात थांबतात. एवढी शिस्त असलेल्या आपल्याला ट्रक लावताना पदपथावर दोन हात जागा मोकळी ठेवणे जड नाही. यंदा मुक्कामाला गाडी लागेल तेव्हा चालकाशेजारी एका विणेकऱ्याने उतरून तेवढे पाहावे.