कुंडीतील माती

नव्या घराला आशीर्वाद देण्यासाठी धर्मगुरूला बोलावण्याची प्रथा आपल्या वसईत जुनी आहे. पूर्वी ते घर वाडीत असे. आता ते बहुधा तिसऱ्या किंवा चौथ्या मजल्यावर असते. पवित्र पाणी शिंपडत खोल्यांतून फिरून मी शेवटी गॅलरीत येतो, तेव्हा तेथे हमखास एखादी मोठी कुंडी दिसते. तिच्यात कलमी लिंबू, बुटका आंबा किंवा अंजीर लावलेले असते. ज्यांच्या वाडवडिलांनी रहाटाच्या पाण्यावर केळीच्या बागा पोसल्या, त्यांच्या हातांना मातीवाचून करमत नाही. ती कुंडी पाहून मला आनंद होतो आणि त्याबरोबर मनाला काहीतरी टोचतेही. ते टोचणे कशाचे, हे सांगण्यासाठी हा लेख.

काही वर्षांपूर्वी एका कुटुंबाने मला अंजिराचे रोप भेट दिले. अंजीर हे कुंडीत वाढण्याजोगे झाड. मुळे थोडी आवळली गेली तरी ते फळ देते. मी चर्चच्या आवारातील माती खणून कुंडी काठोकाठ भरली. त्याच मातीत आंबा-फणस पिढ्यान्‌पिढ्या फळत आले आहेत. तेव्हा तिच्या सुपीकतेविषयी शंका घेण्याचे कारण नव्हते. पहिल्याच पावसाळ्यात अंजिराची पाने पिवळी पडून गळू लागली. "याला आपली हवा मानवत नाही," असा निकाल मी देऊन टाकला. झाड उपटले, तेव्हा मुळे काळी पडून कुजली होती आणि माती विटेसारखी घट्ट झाली होती. अपराध हवेचा नव्हता, झाडाचाही नव्हता.

जमिनीत पडलेले पाणी खालची माती ओढून घेते. गांडुळे आणि जुनी मुळे तिच्यात वाटा पाडतात. कुंडीच्या तळाखाली माती नसते. तेथे येऊन पाणी थबकते, आणि माती जितकी बारीक तितका हा ओला थर अधिक उंच राहतो. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. त्या चिखलात त्यांचा जीव गुदमरतो. यावर उपाय म्हणून आपण तळाशी खापऱ्यांचा जाड थर देतो. हेतू चांगला, परिणाम उलटा! बारीक माती पाण्याने भरल्यावाचून ते पाणी खालच्या खापऱ्यांत उतरत नाही. म्हणून ओला थर नुसता वर सरकतो आणि मुळांची जागा कमी होते. भोकावर एक खापरी पुरे. सुधारायची असते ती सगळी मातीच.

म्हणून आता मी एक भाग लाल माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत, आणि एक भाग मातीला मोकळे ठेवणारे पदार्थ घेतो: जाड वाळू, विटेचा चुरा, नारळाच्या काथ्याचा भुसा. काथ्याच्या भुशात पुष्कळदा क्षार असतात. तो दोन-तीन पाण्यांनी धुऊन घ्यावा. समुद्रकाठची वाळू घेऊ नये. मूठभर निंबोळी पेंड घातली की मिश्रण झाले. ओले करून मुठीत दाबले की गोळा व्हावा आणि बोटाने टोचताच तो फुटावा, ही त्याची परीक्षा.

परंतु माती एकदा निवडून काम संपत नाही. खत कुजत जाते, माती खाली बसते, पाण्यातले आणि खतातले क्षार साचून वर पांढरी खपली धरते. मधूनमधून भरपूर पाणी देऊन ते क्षार तळातून वाहून जाऊ द्यावे लागतात. दर दोन-तीन वर्षांनी, थंडी सरताना, नवी पालवी फुटण्यापूर्वी झाड बाहेर काढावे. कडेने गोल गोल फिरलेली मुळे छाटून नवी माती द्यावी. जमिनीतले झाड ओलाव्याच्या शोधात मुळे दूरवर पाठवू शकते. कुंडीतल्या झाडाला तो शोध नाकारलेला आहे. त्याला जे मिळेल ते आपल्या हातून. आपण विसरलो, तर त्याच्यासाठी दुसरी वाट नाही.

नैतिक प्रश्न येथे सुरू होतो. एखाद्या जीवाला आपण कुंडीत आणले, म्हणजे आपण पाप केले असे नव्हे. जागा कमी आहे; वाड्या विकल्या गेल्या, त्यांत पुन्हा सर्वांनी राहायला जाणे शक्य नाही. कुंडीतले झाडही फळ देते. पण ज्याची मुळे आपण मर्यादित केली, त्याची माती होण्याचे कर्तव्य आपल्यावर येते. दुसऱ्याचे स्वातंत्र्य जितके आपल्या हाती, तितके आपले ऋण मोठे. 'उत्पत्ती'च्या दुसऱ्या अध्यायात माणसाला बागेत ठेवले जाते ते मशागतीसाठी आणि राखणीसाठी. मशागत एका दिवसाची असेल, राखण रोजची असते. हिब्रू भाषेत माणसाला 'आदाम' आणि मातीला 'अदामा' म्हणतात, हे नाते आम्ही सेमिनरीत शिकलो. शिकलेले अंगी बाणायला मला बरीच वर्षे लागली.

आमच्या धर्मग्रामात एक आजी होत्या. पतीच्या निधनानंतर मुलाने त्यांना वाडीतून आपल्या फ्लॅटमध्ये आणायचे ठरवले आणि माझा सल्ला विचारला. मी म्हणालो, "घेऊन जा. दवाखाना जवळ, नातवंडे जवळ. महिन्याभरात सवय होईल." सल्ला चुकीचा नव्हता, अपुरा होता. वर्षभराने मी त्यांना कम्युनियन द्यायला गेलो. स्वतंत्र खोली, पंखा, टीव्ही, वेळेवर औषध, सारे होते. आजी मात्र वाळल्या होत्या. "आजी, काही कमी आहे का?" मी विचारले. त्या म्हणाल्या, "फादर, कमी काहीच नाही. पण दिवसभर मला कुणी काही करायला सांगत नाही."

सुपीक मातीने भरलेली, पण हवा नसलेली ती कुंडी मला आठवली. आजींना भाजी निवडायला, नातवंडांना रोझरी शिकवायला, वाडीतल्या शेजारणीकडे महिन्यातून एकदा जायला मिळाले असते, तर कदाचित त्यांची मुळे मोकळी राहिली असती. त्यांचे ते वाक्य मुलाच्या कानी घालायचे मी ठरवले होते. आज-उद्या करता करता राहून गेले. पुढच्या पावसाळ्यात आजी देवाघरी गेल्या. मुलगा अंत्यविधीच्या वेळी म्हणाला, "फादर, आम्ही तिला काही कमी पडू दिले नाही." तो खरे बोलत होता. मी गप्प राहिलो.

लूकच्या शुभवर्तमानातील १३ व्या अध्यायात निष्फळ अंजिराचा दृष्टांत आहे. मालक झाड तोडायला निघतो, माळी आणखी एका वर्षाची सवलत मागतो. यावर प्रवचन करताना मी वर्षानुवर्षे झाडाला उपदेश केला: फळ द्या, नाहीतर कुऱ्हाड तयार आहे! माळ्याचे बोलणे मी नीट ऐकलेच नव्हते. तो झाडाला एक शब्दही बोलत नाही. भोवती खणण्याचे आणि खत घालण्याचे काम तो स्वतःच्या अंगावर घेतो. तीन वर्षे फळ नाही, हे ऐकल्यावर त्याचे लक्ष प्रथम मातीकडे जाते.

आपल्या घरात कुणी कोमेजत असेल, वृद्ध आई, परीक्षेच्या ओझ्याखालचे मूल, गावाहून कामासाठी आणलेली मुलगी, तर "याला इथले मानवत नाही" असे म्हणण्यापूर्वी थोडे खणून पाहावे. माझ्याकडे आता दुसरे अंजीर आहे. येत्या राखेच्या बुधवारी माती कपाळाशी येईल. त्याच आठवड्यात त्याची कुंडी बदलायची आहे. या वेळी काम पुढे ढकलणार नाही.