शिकायला आलेला पाहुणा

क्युबाला काही शिकण्यासाठी जावे, ही कल्पना क्युबन क्रांतीपेक्षा दीडशे वर्षांनी जुनी आहे. अलेक्झांडर फॉन हंबोल्ट हा जर्मन निसर्गशास्त्रज्ञ १८०० सालच्या डिसेंबरात हवानाला उतरला, तेव्हा बेटावर स्पेनचा अंमल होता. शेजारच्या हैतीत गुलामांनी उठाव केला होता, तिथला साखरधंदा कोसळला होता आणि क्युबाच्या मळेवाल्यांची चांदी झाली होती. हंबोल्टने अक्षांश-रेखांश मोजले, बंदरातून साखरेच्या किती पेट्या बाहेर गेल्या याचे आकडे जमवले आणि त्याच चिकाटीने माणसेही मोजली : गोरे किती, स्वतंत्र काळे किती, गुलाम किती. १८२६ साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात ही आकडेमोड गुलामगिरीच्या रोखठोक निषेधापाशी येऊन थांबते. तीस वर्षांनी न्यूयॉर्कमध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद निघाला. अनुवादक जॉन थ्रॅशर हा क्युबा अमेरिकेला जोडून घ्यावा अशा मताचा. त्याच्या अनुवादात गुलामगिरीवरचे प्रकरणच नव्हते. शहाऐंशी वर्षांच्या हंबोल्टने जाहीर निषेध केला. आपल्या सगळ्या मोजमापांपेक्षा तेच प्रकरण आपल्याला अधिक मोलाचे वाटते, असे बजावले.

म्हणजे प्रवासी शिकून परतला तरी त्याचे शिकणे वाचकापर्यंत कसे पोहोचावे हे दुसरेच कोणी ठरवू शकते. दुसरी गोष्ट अधिक खोलवरची. हंबोल्ट मळेवाल्यांचा पाहुणा होता. त्याची सहानुभूती गुलामांकडे होती, पण ऊठबस मालकांमध्ये. मोजणारा एक आणि मोजले जाणारे दुसरे, अशीच त्या अभ्यासाची घडण होती. क्युबाकडे शिकायला जाणाऱ्यांच्या पुढच्या इतिहासात ही घडण मोडायचे प्रयत्न पुन्हा पुन्हा झालेले दिसतात.

पहिला प्रयत्न एका क्युबन माणसाने उलट दिशेने केला. स्पेनने हद्दपार केलेला कवी होसे मार्ती १८८० पासून सुमारे पंधरा वर्षे न्यूयॉर्कमध्ये राहिला आणि लॅटिन अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांना अमेरिकेची बातमीपत्रे लिहीत राहिला. ब्रुकलिनचा पूल, वॉल्ट व्हिटमन, शिकागोत फाशी गेलेले अराज्यवादी हे सगळे त्याने टिपले. त्या देशाच्या कर्तबगारीचे त्याला कौतुक होते आणि त्याच्या भुकेची धास्तीही. त्याच्या मृत्यूनंतर तीन वर्षांतच ती धास्ती खरी ठरली. मार्ती १८९५ साली स्पेनविरुद्धच्या युद्धात पडला आणि १८९८ साली क्युबा अमेरिकी लष्कराच्या ताब्यात गेला.

त्यानंतरची साठ वर्षे क्युबाला जाणाऱ्या बहुसंख्य अमेरिकनांना काही शिकायचे नव्हते. १९२० साली अमेरिकेत दारूबंदी आली आणि हवाना हे जवळचे मोकळे गाव ठरले. पुढे कसिनो आले, त्यामागून माफिया आला. पण याच काळात एक वेगळी भेट घडली. न्यूयॉर्कच्या हार्लेममधला काळा कवी लँग्स्टन ह्यूज १९३० साली हवानाला आला आणि निकोलास गियेन या तरुण क्युबन कवीशी त्याची मैत्री जमली. काही आठवड्यांतच गियेनने ‘सोन’ या लोकसंगीताच्या चालीवर, गल्लीतल्या बोलीत लिहिलेल्या कविता छापून आल्या. पुढे ह्यूजने गियेनच्या कविता इंग्रजीत आणण्यात हात दिला. इथे पाहुणा आणि यजमान दोघेही एकमेकांचे वाचक होते. क्युबा प्रवासाच्या इतिहासात मला ही भेट हंबोल्टच्या मोजणीइतकीच महत्त्वाची वाटते.

१९५९ च्या जानेवारीत हुकूमशहा बातिस्ताची राजवट कोसळली आणि क्युबा एकदम जगाची शाळा झाला. गंमत अशी की आरंभी क्रांतिकारकच शिकायला बाहेर पडले होते. त्याच वर्षी जूनच्या अखेरीस चे गव्हेरा शिष्टमंडळ घेऊन दिल्लीत आला, नेहरूंना भेटला, इथले उद्योग आणि शेती पाहून गेला आणि परतल्यावर भारताविषयी लिहिले. पुढच्या वर्षी प्रवाहाची दिशा बदलली. फ्रेंच लेखक-विचारवंत सार्त्र आणि सिमोन द बोव्हुआर हवानाला आले, चेशी मध्यरात्री बोलत बसले. स्फोटात उद्ध्वस्त झालेल्या ‘ला कुब्र’ जहाजावरील मृतांच्या अंत्यविधीला ५ मार्च १९६० रोजी छायाचित्रकार कोर्दाने चेचे ते जगप्रसिद्ध छायाचित्र टिपले. त्या दिवशी त्याच्या कॅमेऱ्यात सार्त्र आणि बोव्हुआरही आहेत. परत जाऊन सार्त्रने एका खपाच्या फ्रेंच दैनिकात उत्साहाने भरलेली लेखमाला लिहिली. हंबोल्ट मोजायला आला होता. साठ सालचे पाहुणे साक्षीदार व्हायला आले होते, आणि साक्षीदाराने आधीच बाजू निवडलेली असते.

याच सुमारास शिकण्यासाठीचा सर्वांत मोठा प्रवास क्युबनांनी स्वतःच्या देशातच केला. १९६१ च्या साक्षरता मोहिमेत सुमारे एक लाख शाळकरी मुलेमुली कंदील आणि प्राथमिक पुस्तक घेऊन खेड्यापाड्यांत, डोंगरांत गेली. दिवसा शेतकऱ्याबरोबर शेतात राबायचे, रात्री कंदिलाच्या उजेडात त्याच्याकडून अक्षरे गिरवून घ्यायची. वर्षभरात सात लाखांहून अधिक माणसे लिहावाचायला शिकली. हवानातल्या मुलींनी नांगर पहिल्यांदा पाहिला, वीज नसलेल्या घरात पहिल्यांदा रात्री काढल्या. पुस्तकाचा पहिला धडा अमेरिकी राष्ट्रसंघटनेवर होता आणि दुसरा जमीन सुधारणेच्या सरकारी संस्थेवर, म्हणजे अक्षर आणि घोषणा एकाच घासात भरवली जात होती. हे दोन्ही खरे आहे. मोहिमेचे संग्रहालय हवानात आहे. तिथे नवसाक्षरांनी क्रांतीचे नेते फिडेल कॅस्ट्रो यांना लिहिलेली पत्रे जपलेली आहेत. ती पाहताना या दोन सत्यांपैकी एकच हाती धरून बाहेर पडता येत नाही.

अमेरिकेने मात्र क्युबाकडे पाहण्याचीच वाट अडवली. १९६१ पासून खास परवान्याविना तिथे जाणे बंद झाले. लुई झेमेल नावाच्या नागरिकाने क्युबाला जाण्याची परवानगी मागितली. कारण एवढेच दिले की तिथे काय चालले आहे याचे कुतूहल आहे आणि त्यातून अधिक जाणता नागरिक व्हायचे आहे. परवानगी नाकारली गेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९६५ साली तीन न्यायमूर्तींच्या विरोधी मतासह निकाल सरकारच्या बाजूने लागला : बोलण्याच्या स्वातंत्र्यात माहिती गोळा करत हिंडण्याचे अनिर्बंध स्वातंत्र्य येत नाही. कुतूहल हे देशाच्या सुरक्षेपुढे पुरेसे कारण नव्हते.

बंदीला उत्तर म्हणून १९६९ साली ‘व्हेन्सेरेमोस ब्रिगेड’ निघाली. दोनशेहून अधिक अमेरिकी तरुण-तरुणी क्युबात ऊसतोडीला गेली. वर्षाला एक कोटी टन साखर हे कॅस्ट्रोंचे लक्ष्य होते. आटापिटा करून ती पंच्याऐंशी लाखांपर्यंत पोहोचली आणि त्या धावपळीत बाकीचे उद्योग विस्कटले. १९७० च्या जुलैत कॅस्ट्रोंनी अपयश जाहीरपणे कबूल केले. आपण घाम गाळला म्हणून देश कळला, असे त्या तरुणांना वाटले असेल. पण ऊस तोडताना उसाचे अर्थकारण दिसतेच असे नाही, हे महाराष्ट्रात वेगळे सांगायला नको.

मग १९७१ चा मार्च आला. हेबेर्तो पादिया या कवीला अटक झाली, महिन्याभराने त्याला लेखकांच्या सभेत उभे करून स्वतःवरच दोषारोप करायला लावले गेले. सार्त्र आणि बोव्हुआर यांनी इतर लेखकांबरोबर निषेधपत्रांवर सह्या केल्या. अकरा वर्षांपूर्वीच्या साक्षीदारांनी साक्ष फिरवली. पण खरा धडा त्यांच्या निराशेपेक्षा त्यांच्या उशिरात आहे. १९६५ साली समलिंगी पुरुषांना, धार्मिक लोकांना आणि सत्तेला नकोशा तरुणांना श्रमछावण्यांत धाडणे सुरू झाले होते. त्याच वर्षी पाहुणा म्हणून बोलावलेल्या अमेरिकी कवी ॲलन गिन्सबर्गला समलिंगींच्या छळाविषयी तोंड उघडल्यावर देशाबाहेर काढले होते. खुणा होत्या. त्या वाचायला पाहुण्याकडे यजमानाच्या कार्यक्रमपत्रिकेबाहेरचा वेळ हवा होता.

सोव्हिएत संघ कोसळल्यावर नव्वदीत क्युबाने पोटासाठी पर्यटनाची दारे उघडली. इतिहासकार एउसेबियो लेआलने पर्यटकांच्या पैशातून जुन्या हवानाच्या ढासळत्या इमारती सावरल्या, हे त्या काळाचे देखणे फलित. दुसरी बाजू अशी की २००८ पर्यंत परकीय पर्यटकांच्या हॉटेलांत सामान्य क्युबन माणसाला खोलीच घेता येत नव्हती. तिकडे अमेरिकेने १९९९ मध्ये ‘लोकांचा लोकांशी संपर्क’ या नावाचा परवाना काढला. तो २००३ मध्ये थांबवला, २०११ मध्ये पुन्हा दिला, २०१९ मध्ये गटांसाठीही बंद केला आणि २०२२ मध्ये गटांपुरता परत आणला. नियमाने या प्रवाशाचा दिवस शैक्षणिक कार्यक्रमांनी भरलेला हवा. नुसते समुद्रावर लोळणे बेकायदा. एकेकाळी कुतूहलाला मज्जाव होता, आता कुतूहलाचे वेळापत्रक सरकारने मागितल्यास दाखवावे लागते. हवानात मार्गदर्शक त्याला संग्रहालयांत नेतो आणि वॉशिंग्टन त्याचा हिशोब मागते.

या सगळ्या टप्प्यांत प्रश्न पाहुण्याला किती पाहू दिले एवढाच धरला जातो. तो अपुरा आहे. क्युबन नागरिकाला देशाबाहेर पडायला सरकारी निर्गमन परवाना लागत असे. ती अट २०१३ च्या जानेवारीत गेली. तोवर जगभरचे लोक क्युबनांकडून शिकायला येत होते आणि शिकवणाऱ्याला त्यांच्या घरी जायची मुभा नव्हती. मार्तीला जे साधले ते त्याच्या पणतूंच्या पिढीला नाकारले गेले. आणि दार उघडले तेव्हा अभावाने गांजलेले लोक शिकायला नव्हे, जगायला बाहेर पडले. २०२१ नंतर लाखोंनी देश सोडला, लोकसंख्या एक कोटीच्या खाली आली. त्यांच्या जाण्यात सरकारच्या चुका आहेत तशी सहा दशकांची अमेरिकी नाकेबंदीही आहे. कोणत्या कारणाचा वाटा किती, हे हवानात आठ दिवस राहून ठरत नाही. मायामीत स्थिरावलेल्या क्युबनांचे ऐकावे लागते, आणि मागे राहिलेल्या शिक्षिकेचे, डॉक्टरचेही.

म्हणून क्युबाला शिकायला जाण्याची कल्पना आज टिकवायची असेल तर तिची अट बदलायला हवी. हंबोल्टची मोजण्याची शिस्त हवी, साक्षीदाराची आधी ठरलेली बाजू नको. कंदील घेऊन गेलेल्या मुलांसारखे कोणाच्या तरी घरात राहणे हवे, पण हातातल्या पुस्तकाचा पहिला धडा कोणी लिहिला तेही विचारायला हवे. आणि ह्यूज व गियेन यांच्यासारखी परतफेड हवी : ज्यांच्याकडून शिकलो त्यांचे लिहिलेले वाचणे, ते आपल्या भाषेत आणणे, आणि त्यांच्या तोंडून आपल्या देशाविषयीचे मत, अप्रिय असले तरी, ऐकून घेणे. यजमानाला उलट प्रश्न विचारता येत नसेल तोवर पाहुण्याचे शिक्षण एकतर्फीच राहते.